रिपोर्टमध्ये 'सी३ कमी' आलंय, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी का? कॉम्प्लिमेंटबद्दल माहिती हवी

तिकटीवरची
नमस्कार मंडळी. माझ्या भाच्याला (वय ७) पावसाळ्यात गुडघ्याखाली फोड आले होते, खाजवून चिघळलेले. मलम लावलं, खपल्या धरल्या, विषय संपला असं वाटलं. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी सकाळी उठला तो डोळे सुजलेले आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची. बालरोगतज्ज्ञांनी बीपी बघितलं, वाढलेलं. लघवीत रक्त आणि प्रथिनं. दाखल करून घेतलं. आता घरी आहे, सूज उतरलीय, मीठ बंद आहे.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये सी३ ३१ आलंय आणि पुढं ठळक अक्षरात 'लो'. सी४ नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले, "हे अपेक्षितच आहे, सहा-आठ आठवड्यांनी परत तपासू." ओपीडीत गर्दी होती, जास्त विचारता आलं नाही. घरी मात्र आत्यांनी जाहीर करून टाकलंय की पोराची प्रतिकारशक्ती संपली. गुळवेलीचा काढा सुरू करा म्हणतात. एका ओळखीच्या बाईंनी 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' पावडरचा डबा आणून दिलाय. वहिनी रडकुंडीला आलीय.

हे सी३ म्हणजे नेमकं काय? ते कमी म्हणजे पोराची ताकद कमी का? खाऊन-पिऊन वाढतं का?

रंकाळ्याचा_वारा
ताई, काळजी घ्या. मूत्रपिंडाला सूज असताना डॉक्टरांना न विचारता कुठलीच पावडर देऊ नका. बाकी जाणकार सांगतीलच.

उसाचा_फड
गुळवेल आमच्या बांधावरच हाय. आज्जीपासनं सगळी पित्यात. काढ्यानं काय बिघडतंय? ताकद आली तर आलीच की.

सूक्ष्मजीव
तिकटीवरची ताई, मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. उपचाराचं डॉक्टर सांगतील, मी फक्त सी३ काय आहे ते सांगतो.

रक्तातल्या पातळ भागात आणि पेशींच्या पृष्ठभागावर मिळून तीसहून जास्त प्रथिनांचा एक गट असतो, त्याला कॉम्प्लिमेंट म्हणतात. बहुतेक यकृतात तयार होतात. ती जन्मापासून रक्तात फिरत असतात, पण झोपलेली. एकदा सुरुवात झाली की एक प्रथिन दुसऱ्याला कापतं, त्यातला तुकडा तिसऱ्याला कापतो, अशी साखळी चालते. या साखळीच्या बरोबर मध्यावर सी३ आहे आणि रक्तात त्याचंच प्रमाण सगळ्यांत जास्त असतं. साधारण ९० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरतात, लॅबनुसार थोडा फरक पडतो.

साखळी सुरू व्हायच्या वाटा तीन. पहिलीत अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीरानं बनवलेलं प्रथिन) जंतूला चिकटलेली असते आणि तिला सी१ येऊन धरतं. दुसरीत जंतूच्या अंगावरची मॅनोजसारखी साखर ओळखणारं प्रथिन असतं. तिसरी वाट वेगळीच आहे, तिथं कुणी हाक मारावी लागत नाही. रक्तातलं सी३ पाण्याशी क्रिया होऊन सतत, अगदी थोड्या प्रमाणात, आपोआप जागं होत असतं. समोर जंतू असला तर तिथं जोर धरतं.

तिन्ही वाटा सी३ कापण्यापाशी येऊन मिळतात. कापल्यावर दोन तुकडे होतात, लहान सी३ए आणि मोठा सी३बी. सी३बी कापल्याक्षणी त्याचा एक रासायनिक बंध उघडा पडतो आणि जो पृष्ठभाग हाताशी असेल त्याला तो कायमचा चिकटतो. क्षणभरात काही सापडलं नाही तर पाण्याशी जुळून वाया जातो. म्हणून जिथं कापला जातो तिथंच बसतो, रक्तभर भटकत नाही. चिकटलेला सी३बी बघून भक्षक पेशी त्या जंतूला गिळतात. शिवाय तोच सी३बी, फॅक्टर बी नावाच्या प्रथिनाबरोबर, आणखी सी३ कापणारं एन्झाइम बनवतो. म्हणजे एकाचे अनेक व्हायला वेळ लागत नाही.

पुढं सी५ कापलं जातं. त्यातला सी५ए पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावतो. सी५बीपासून सी९पर्यंतची प्रथिनं एकत्र येऊन जंतूच्या पटलाला सुमारे १० नॅनोमीटरचं आरपार भोक पाडतात. मुलांना परीक्षेत हे भोकच आठवतं. माझं मत वेगळं आहे: खरा जोर सी३बी चिकटण्यात आहे. ज्यांच्यात सी५ ते सी९पैकी एखादं प्रथिन जन्मतः नसतं, त्यांना मुख्यतः मेनिन्गोकॉकसच्या (मेंदूज्वराचा एक जंतू) कुळातल्या जंतूंचा त्रास पुन्हा पुन्हा होतो. ज्यांच्यात सी३च नसतं, त्यांना लहानपणापासून न्यूमोकॉकससारख्या कितीतरी जंतूंचे गंभीर आजार होत राहतात.

आता तुमचा प्रश्न. सी३ कमी दिसायची ढोबळ कारणं दोन: तयारच कमी होतंय, किंवा वापर जास्त होतोय. तुम्ही सांगितलेल्या गोष्टीवरून दुसरं दिसतंय. फोडातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूचे अंश आणि त्यांना चिकटलेल्या अँटिबॉडी मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात. तिथं मुख्यतः तिसरी वाट पेटते, सी३ भराभर कापलं जातं आणि रक्तात कमी दिसतं. सी४ फक्त पहिल्या दोन वाटांवर लागतं, म्हणून ते नॉर्मल आहे. पोराची यंत्रणा दुबळी नाही, उलट नको त्या जागी जोरात चाललीय.

उसाचा_फड
सर, आता डोक्यात शिरलं. म्हंजे रानात पाचट पेटवल्यागत की. एका कोपऱ्यात काडी लावली की वाऱ्यासंगं सगळीकडं. म्हणून आम्ही आधी बांधाकडचं चार हात झाडून साफ करतो, न्हाईतर शेजारच्याचा उभा ऊस गेलाच. मग शरीरात ह्यो बांध कुठं असतोय? सी३बी जवळ असंल त्येला चिकटतोय म्हंता, मग आपल्याच पेशीला का चिकटत न्हाई?

सूक्ष्मजीव
भावा, एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत विचारावा असा प्रश्न आहे. चिकटतो, आपल्या पेशींनाही चिकटतो. फरक पुढं पडतो. आपल्या पेशींच्या अंगावर सियालिक ॲसिड असतं, ते बघून रक्तातलं फॅक्टर एच तिथं येऊन बसतं आणि फॅक्टर आय तो सी३बी कापून निकामी करतं. पेशींची स्वतःचीही राखण असते. सीडी५५ सी३ कापणारं एन्झाइम मोडतं आणि सीडी५९ शेवटचं भोक पडू देत नाही. बहुतेक जंतूंकडं यातलं काही नसतं.

काही जंतू मात्र बेरकी असतात. ज्या स्ट्रेप्टोकॉकसमुळं हा धागा निघालाय, त्याच्या अंगावरचं एम प्रथिन आपलंच फॅक्टर एच ओढून घेतं. वर सी५ए कापणारं एन्झाइमही तो बाळगतो, म्हणजे पांढऱ्या पेशींना बोलावणंच जाऊ नये. शिवाय त्याची भिंत जाड असल्यामुळं भोक पाडणारी प्रथिनं पटलापर्यंत नीट पोचतच नाहीत. इतकं करूनही आपली मुलं बहुतेक वेळा बरी होतात, याचं मला शिकवताना दर वर्षी नवल वाटतं.

राखण नसली तर काय होतं तेही सांगतो. पीएनएच नावाच्या आजारात अस्थिमज्जेतल्या पेशींच्या एका जनुकात पुढं आयुष्यात बिघाड होतो. त्यांच्यापासून बनलेल्या लाल पेशींवर सीडी५५ आणि सीडी५९ टिकत नाहीत. कॉम्प्लिमेंट त्या पेशी फोडत राहतं, पंडुरोग होतो, रक्तात गुठळ्या होतात. सी५ अडवणारं इक्युलिझुमॅब हे औषध २००७ साली आलं तेव्हा या रुग्णांचं आयुष्य बदललं. पण ते देण्याआधी मेनिन्गोकॉकसची लस द्यावी लागते, कारण सी५ अडवलं की त्या जंतूला मोकळं रान मिळतं. वर लिहिलेल्या जन्मजात कमतरतेशी हे जुळतं ना?

शाहूपुरी_जुनी_गल्ली
म्हणजे 'इम्युनिटी वाढवा' हे वाक्यच अर्धवट आहे. वाढवायची कुठली, थांबवायची कुठली, ते कोणी सांगत नाही. करोनाच्या काळात आमच्या घरी तीन तऱ्हेचे काढे उकळत होते.

गोठ्याचा_डॉक्टर
सूक्ष्मजीव सरांनी 'वापरलं जातं' म्हटलंय, ते आम्ही जनावरांचे डॉक्टर डोळ्यांनी बघतो. म्हैस गाभडली की ब्रुसेला नावाच्या जंतूची शंका येते. आधी 'रोज बंगाल' नावाची टेस्ट, आणि खात्रीसाठी कॉम्प्लिमेंट फिक्सेशन टेस्ट.

त्यात म्हशीचं सिरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग) आधी तापवतात, म्हणजे तिचं स्वतःचं कॉम्प्लिमेंट मरतं आणि अँटिबॉडी तेवढ्या राहतात. त्यात ब्रुसेलाचा अँटिजेन (अँटिबॉडी ज्याला धरते तो जंतूचा अंश) आणि मोजून घेतलेलं गिनिपिगचं कॉम्प्लिमेंट घालतात. मग अँटिबॉडी लावलेल्या मेंढीच्या लाल पेशी. म्हशीला लागण झालेली असेल तर तिच्या अँटिबॉडी अँटिजेनला धरतात, कॉम्प्लिमेंट तिथंच खर्च होतं आणि लाल पेशींसाठी काही उरत नाही. खळग्याच्या तळाशी लाल ठिपका बसलेला दिसतो. म्हैस निरोगी असेल तर कॉम्प्लिमेंट शिल्लक राहतं, लाल पेशी फुटतात आणि पाणी एकसारखं लालसर, पारदर्शक होतं. ठिपका दिसला की मालकाचं तोंड बघवत नाही.

हे तत्त्व ज्यूल बोर्दे यांच्या कामातून आलं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १८९०च्या दशकात त्यांनी दाखवलं की सिरम ५५-५६ अंशांना तापवलं की त्याची जंतू फोडायची ताकद जाते. मग लस न टोचलेल्या जनावराचं ताजं सिरम थोडं घातलं की ती परत येते. म्हणजे दोन वस्तू आहेत, एक टिकाऊ (अँटिबॉडी) आणि एक उष्णतेनं मरणारी (कॉम्प्लिमेंट). १९१९चं नोबेल त्यांना मिळालं. १९०६मध्ये आलेली सिफिलिसची वासरमन टेस्टही याच तत्त्वावर होती.

रंकाळ्याचा_वारा
डॉक्टर, ब्रुसेला निघालाय तर विचारतो, धारोष्ण दुधाचं काय? आमचे वडील रोज सकाळी कट्ट्यावर उभं राहून समोर पिळलेलं प्यायचे.

गोठ्याचा_डॉक्टर
उकळून प्या. मला कोल्हापूरकर म्हणून ते दूध आवडतं, पण कच्च्या दुधातून ब्रुसेला माणसात येतो आणि मग महिनोन् महिने ताप, घाम आणि सांधेदुखी. आणि गोठा असणाऱ्यांनी रेडी चार ते आठ महिन्यांची असतानाच लस टोचून घ्या. वार पडताना किंवा गाभडलेलं उचलताना उघडे हात लावू नका.

उसाचा_फड
हे बरं सांगितलं. आमच्यात हात घालूनच सगळं करत्यात. उद्याच हातमोजं आणतो.

कळंबा_रोड
कॉम्प्लिमेंटचा विषय निघालाय म्हणून माझ्या बहिणीचं लिहिते. कुणाला तरी उपयोग होईल.

तिला अठराव्या वर्षापासून ओठ, पापण्या, हात अचानक सुजायचे. खाज नाही, पित्ताच्या गांधी नाहीत, नुसती टम्म सूज. दोन-तीन दिवसांत आपोआप उतरायची. प्रत्येक वेळी ॲलर्जी म्हणून इंजेक्शन. शेंगदाणे बंद, वांगी बंद, अंडी बंद. एकदा पोटात इतकं दुखलं की एका दवाखान्यात अपेंडिक्स म्हणून ऑपरेशन झालं, आणि अपेंडिक्स चांगलं निघालं. आईचा घसा असाच एकदा सुजला होता हे कुणी विचारलंच नाही.

शेवटी पुण्यात एका डॉक्टरांनी सगळ्यात आधी सी४ करायला सांगितलं. कमी आलं. मग सी१ इनहिबिटर, म्हणजे सी१ला आवरणारं प्रथिन तपासलं, तेही कमी. आजाराचं नाव हेरेडिटरी अँजिओएडेमा. सूज हिस्टामिनमुळं नसते, ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थामुळं असते, म्हणून ॲलर्जीची औषधं, स्टेरॉईड, ॲड्रेनॅलिन यांचा उपयोग होत नाही. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. आता ती कार्ड जवळ ठेवते, दात काढण्याआधी डेंटिस्टला सांगते. घशाला सूज वाटली तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल, कारण श्वास अडू शकतो.

कुणाच्या घरात अशी खाज नसलेली सूज पुन्हा पुन्हा येत असेल, तर कृपा करून सी४ची तपासणी करून घ्या. साधी रक्ततपासणी आहे.

सूक्ष्मजीव
कळंबा ताई, फार मोलाचं लिहिलंत. यात एक भर घालतो. सी१ इनहिबिटर कॉम्प्लिमेंटची पहिली वाट आवरतं आणि ब्रॅडिकायनिन तयार करणारी यंत्रणाही आवरतं. ते कमी पडलं की सी४ उगाचच कापलं जात राहतं, म्हणून सूज नसतानाही सी४ बहुधा कमीच दिसतं. सूज मात्र दुसऱ्या यंत्रणेमुळं येते.

नमुना_घेणारा
मी लॅबमध्ये आहे. तपासणीबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण यामुळं लोकांना उगाच घोर लागतो.

सी३ आणि सी४च्या तपासणीत प्रथिन किती आहे ते मोजतात. सीएच५० म्हणून दुसरी तपासणी असते, तिच्यात सगळी साखळी मिळून काम करते का ते बघतात. मेंढीच्या लाल पेशी किती फुटल्या त्यावरून ठरवतात, वर गोठ्याच्या डॉक्टरांनी सांगितल्यासारखंच. ही दुसरी तपासणी फार नाजूक आहे. रक्त गोठल्यावर सिरम लगेच वेगळं करायचं, लगेच गोठवायचं, ड्राय आइसमध्ये पाठवायचं. आमच्याकडं ती होत नाही, बाहेर पाठवतो. नमुना मे महिन्यात गाडीत तासभर तसाच राहिला तरी साखळी मधेच संपते आणि आकडा खोटाच कमी येतो. तेव्हा सीएच५० अनपेक्षित कमी आलं तर घाबरण्याआधी नमुना कसा गेला ते विचारा आणि परत करून घ्या.

उसाचा_फड
सर, आणखी एक. आमच्या रानात नाग लई निघत्यात. नागाच्या इखाचा ह्या कॉम्प्लिमेंटशी काय संबंध?

सूक्ष्मजीव
आहे की! नागाच्या विषात सी३बीसारखंच एक प्रथिन असतं, त्याला कोब्रा व्हेनम फॅक्टर म्हणतात. ते आपल्या फॅक्टर बीला धरून सी३ कापणारं एन्झाइम बनवतं आणि आपलं फॅक्टर एच त्याला आवरू शकत नाही. म्हणून ते सी३ कापतच राहतं. संशोधक प्रयोगातल्या प्राण्यांचं कॉम्प्लिमेंट संपवायला हेच प्रथिन शुद्ध करून वापरतात. माणसाचा जीव मात्र नागाच्या विषातल्या मज्जातंतूंवर काम करणाऱ्या विषारी घटकांमुळं जातो, श्वासाचे स्नायू थांबतात. तेव्हा चावला तर मांत्रिक नको, चिरणं-चोखणं नको, थेट दवाखाना आणि प्रतिविष. आणि रानात रात्री बॅटरी आणि गमबूट.

डॉक्टरीण_पन्हाळा
उशिरा येतेय, ड्युटी होती. मी मूत्रपिंडविकार विभागात काम करते. सूक्ष्मजीव सरांनी कारण नीट सांगितलंय, मी मूळ प्रश्नावर येते.

तिकटीवरची, स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर मूत्रपिंडाला येणारी ही सूज बहुतेक मुलांमध्ये पूर्ण बरी होते. घशाच्या संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसते, त्वचेच्या संसर्गानंतर जरा उशिरा, तीन ते सहा आठवड्यांनी. सी३ साधारण सहा ते आठ आठवड्यांत आपोआप वर येतं, त्यासाठी काही खायला लागत नाही. तुमच्या डॉक्टरांनी परत तपासायला सांगितलंय ते फार महत्त्वाचं आहे, पोरगं खेळायला लागलं म्हणून चुकवू नका. सी३ तेवढ्या काळात वर आलं नाही तर दुसरा आजार शोधावा लागतो. सी३ ग्लोमेरुलोपथी नावाचा एक प्रकार आहे, त्यात तिसरी वाट आवरली जात नाही. मग बायोप्सीचा विचार करतात.

तोवर घरी काय बघायचं: लघवी कमी होणं, डोकं दुखणं, उलट्या, दम लागणं, झटका. यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी घेऊन जा. ताप आला म्हणून आयब्युप्रोफेन देऊ नका. मीठ म्हणजे फक्त भाजीतलं मीठ नव्हे. पापड, लोणचं, फरसाण, चटणी, वेफर्स, बेकरीचे पदार्थ, सगळं धरा.

काढ्याबद्दल उसाचा_फड दादांशी मी सहमत नाही. सुजलेल्या मूत्रपिंडाला काय झेपेल हे आपल्याला माहीत नसतं. पावडरच्या डब्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे यात फरक असू शकतो, काहींत पोटॅशियम भरपूर असतं. आणि मुळात इथं कॉम्प्लिमेंट कमी पडत नाहीये. घरातल्या बाकीच्या मुलांचे फोड आणि खरूज मात्र बघा, असतील तर आजच दाखवा.

उसाचा_फड
डॉक्टरीणबाई म्हंत्यात ते मान्य. पोराच्या बाबतीत काढा राहू दे. पण रविवारी पांढरा रस्सा बिनमिठाचा कसा घशाखाली उतरायचा त्या बाळाच्या?

शाहूपुरी_जुनी_गल्ली
लिंबू पिळायचं, आलं-लसूण आणि मिरी जरा जास्त. माझ्या बायपासनंतर आमच्या सूनबाई असंच करतात. पहिले आठ दिवस जड जातं, मग जिभेला सवय होते. पोराला एकट्याला वेगळं वाढू नका, सगळ्यांनीच तसं जेवा.

तिकटीवरची
सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनीला सूक्ष्मजीव सरांचा आणि डॉक्टरीणबाईंचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला, आत्याही बसल्या होत्या. आत्यांनी 'मग वाढवायचं नाहीच का?' असं दोनदा विचारलं, पण पटलं. धाकटीच्या बोटांच्या बेचक्यात खरूज निघाली, घरातल्या सगळ्यांनीच औषध लावलं.

आज दुसरा रिपोर्ट आला. सी३ १०८. बीपी नॉर्मल. लघवी डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण तपासणीत अजून थोड्या लाल पेशी आहेत. त्याचं काय करायचं?

डॉक्टरीण_पन्हाळा
छान बातमी! सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या लाल पेशी काही महिने, कधी वर्षभरसुद्धा राहू शकतात. सी३ वर आलंय, बीपी नॉर्मल आहे, लघवीतून प्रथिनं जात नसतील तर फक्त लक्ष ठेवायचं. दर भेटीला बीपी आणि लघवी. मीठ कधी आणि किती सुरू करायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

भवानी_मंडप_मागे
धागा वाचून विचारते. माझ्या जावेला ल्यूपस आहे. तिचं सी३ आणि सी४ दोन्ही कमी आलंय. इथं तर सी४ नॉर्मल असतं असं लिहिलंय. मग तिचं वेगळं काही आहे का?

डॉक्टरीण_पन्हाळा
हो, तिची वाट वेगळी. ल्यूपसमध्ये स्वतःच्याच पेशींच्या अंशांविरुद्ध अँटिबॉडी असतात, त्यामुळं पहिली वाट पेटते आणि सी४, सी३ दोन्ही खर्च होतात. आकडे आधीपेक्षा खाली येत असतील आणि अँटि-डीएसडीएनए (स्वतःच्याच डीएनएविरुद्धची अँटिबॉडी) वर जात असेल, तर आजार उसळतोय अशी शंका घेऊन लघवीतली प्रथिनं लगेच तपासतात. एकट्या आकड्यावर औषध बदलत नाहीत, काहींचं सी४ मुळातच कमी असतं. जावेचे जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून एका फाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या भेटीला ती फाइल घेऊन जा. पायाला सूज किंवा लघवीला फेस दिसत असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, याच आठवड्यात दाखवा.